धातूचे रोपण असलेल्या रुग्णातील गुडघा सांधारोपण

मोडलेले हाड, वाकलेला पाय किंवा तुटलेला अस्थिबंध यांवरील जुन्या उपचारात मांडीच्या वा नडगीच्या हाडात प्लेट, स्क्रू किंवा रॉड बसवलेला असताना केले जाणारे गुडघ्याचे सांधारोपण. खुब्याचा कृत्रिम सांधा असलेले रुग्णही याच गटात येतात. जुना धातू असणे हा या शस्त्रक्रियेला अडथळा नव्हे. मात्र आखणी पूर्णपणे बदलते.

मुख्य अडचण हाड कापण्याच्या दिशेची असते. एरवी मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई सरकवून तिच्याशी साधारण 5 ते 7 अंशांचा कोन साधत खालचे टोक कापतात. पोकळीत रॉड असेल तर सळईला वाट उरत नाही. अशा वेळी हाडाबाहेरून दिशा ठरवणारी साधने किंवा संगणकीय मार्गदर्शन वापरतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे 1997 मध्ये सुरू झालेले हे मार्गदर्शन पोकळीत न शिरता पायाचा अक्ष मोजते, म्हणून या रुग्णांत त्याचे मोल अधिक. एमआरआयवरून रुग्णाच्या हाडाबरहुकूम बेतलेले, कापण्याची दिशा दाखवणारे साचे मात्र धातूजवळ प्रतिमा विस्कटल्यामुळे भरवशाचे ठरत नाहीत.

धातू काढावा का, आणि केव्हा, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार तो आधी काढून जखम भरू द्यावी व सांधारोपण नंतर करावे. छुपा जंतुसंसर्ग त्यामुळे वेळीच उघड होतो. दुसऱ्या मतानुसार दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकल्यास रुग्णाची एक भूल व एक जखम वाचते. संसर्गाची शंका असेल, किंवा धातू काढायला मोठा वेगळा छेद लागणार असेल, तर दोन टप्पे अधिक सुरक्षित वाटतात. वाटेत न येणारा धातू जागेवरच ठेवणे बहुधा इष्ट; पूर्ण काढण्याच्या हट्टाने चांगले हाड नाहक खर्ची पडते. काही वेळा फक्त आड येणारे स्क्रू काढले तरी भागते. जुने स्क्रू, विशेषतः प्लेटमध्ये आटे बसणारे टायटॅनियमचे, घट्ट रुतलेले असतात. त्यांचे डोके झिजले तर छेदन-साधने हाताशी लागतात.

पूर्वतयारीत संसर्ग वा दाहाचा संशय देणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या करतात; शंका असल्यास सांध्यातील द्रव काढून तपासतात. गुडघ्यावर उभे जुने व्रण अनेक असतील तर वापरण्याजोगा सर्वांत बाहेरच्या बाजूचा निवडतात, कारण तेथील त्वचेला रक्तपुरवठा मुख्यतः आतल्या बाजूने होतो.

भिन्न धातू एकमेकांना टेकल्यास गंज वाढू शकतो, म्हणून नवा सांधा जुन्या प्लेटला लागू देत नाहीत. निकेलच्या अॅलर्जीमुळे सांधा निकामी होतो का, हे वादग्रस्त आहे. त्वचेवरील पट्टी-चाचणी सकारात्मक येणे एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही.

स्क्रू काढल्यावर उरलेल्या छिद्रांशी हाड काही काळ कमकुवत राहते. छिद्र सांध्याच्या जवळ असल्यास त्यापलीकडे हाडाच्या जाडीच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंत पोहोचणारा, हाडाच्या पोकळीत शिरणारा लांब दांडा नव्या सांध्याला बसवतात. वर खुब्याच्या सांध्याचा दांडा असेल, तर दोन दांड्यांच्या टोकांमधील हाडावर ताण एकवटून तेथे अस्थिभंगाचा धोका वाढतो.