आंतरपृष्ठीय विक्रिया (रेझीन व लेप यांतील)

घट्ट झालेल्या रेझिनाच्या पृष्ठावर विक्रियेनेच घट्ट होणारा लेप दिला असता दोहोंच्या सीमेवर घडणाऱ्या रासायनिक विक्रिया. पूल, जहाजे व टाक्या यांवरील एपॉक्सी प्रायमर आणि त्यावरचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन लेप ही जोडी सर्वांत परिचित आहे.

‘घट्ट झालेले’ रेझीन सहसा पूर्ण विक्रिया झालेले नसते. नेहमीच्या तापमानाला एपॉक्सी व अमाइन (एपॉक्सीला घट्ट करणारा घटक) यांची जाळी दाट होत जाते, तिचे काच-संक्रमण तापमान (ज्याखाली रेझीन काचेसारखे ताठर होते ते) भोवतालच्या तापमानापर्यंत पोचते आणि रेणूंची हालचाल मंदावून विक्रिया जवळजवळ थांबते. त्यामुळे पृष्ठाशी काही एपॉक्सी व अमाइन गट शिल्लक राहतात. शिवाय एपॉक्सी वलय उघडताना तयार झालेले हायड्रॉक्सिल गट असतातच. लेपातील आयसोसायनेटाची (पॉलियुरेथेनाच्या दोन घटकांपैकी घट्ट करणाऱ्या घटकाची) हायड्रॉक्सिलाशी विक्रिया होऊन युरेथेन, तर अमाइनाशी (पुष्कळ अधिक वेगाने) युरिया बंध तयार होतो.

लेपाच्या पकडीत या सहसंयुजी (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने होणाऱ्या) रासायनिक बंधांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तोच निर्णायक आहे. दुसऱ्या मतानुसार विद्रावकामुळे खालचा थर किंचित फुगतो, लेपाचे लहान रेणू त्यात शिरतात व तेथेच जाळीबद्ध होतात. अवरक्त वर्णपटातील २,२७० सेंमी.⁻¹ जवळचा आयसोसायनेट पट्टा क्षीण होतो, हा पुरावा पहिल्या मताच्या बाजूने देतात. परंतु आयसोसायनेट लेपाच्या अंतर्भागात व हवेतील बाष्पाशीही खर्च होत असल्याने तेवढ्यावरून सीमेवरील बंध सिद्ध होत नाहीत. पुन्हा लेप देण्याची मुदत (खालच्या थरावर पुढचा लेप ज्या काळात द्यायचा तो) उलटल्यावर घटलेली पकड पॉलिश पेपर मारल्याने बरीचशी परत येते, हे पाहता यांत्रिक गुंतवणीला (खरखरीत पृष्ठात लेप अडकून बसण्याला) गौण मानणे कठीण आहे.

मुंबईसारख्या दमट किनारी शहरात पावसाळ्यात प्राथमिक अमाइने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व बाष्प यांच्याशी संयोग पावून पृष्ठावर कार्बामेटाचा मेणचट थर धरतात. असा थर पाण्याने धुऊन काढावा लागतो. थिनरने पुसून तो नीट निघत नाही आणि न धुता घासल्यास पसरतो. पृष्ठाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. अधिक असावे, हा संकेत दव धरू नये यासाठी आहे. ओल राहिल्यास आयसोसायनेटापासून कार्बन डाय-ऑक्साइड सुटून लेपात बुडबुडे धरतात.

मासेमारीच्या फायबर होड्यांच्या दुरुस्तीत एपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) दिल्यास उरलेली अमाइने पॉलिएस्टर घट्ट करणाऱ्या पेरॉक्साइडाच्या कार्यात व्यत्यय आणतात व सीमेलगतचा जेलकोट मऊ राहू शकतो. घट्ट पॉलिएस्टर घासून त्यावर एपॉक्सी देण्यात ही अडचण सहसा येत नाही.