मागे जोडलेली गाडी आणि काळी माती

मोटारीच्या मागे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेला छोटा ट्रेलर जोडून आडवाटेने फिरण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात चांगलीच रुळलेली आहे. आपल्याकडे असे कॅम्पर ट्रेलर अजून विरळाच दिसतात. पण लोणारचे विवर, मेळघाटाच्या पायथ्याची गावे किंवा भामरागडकडची वाट पाहिली, की विदर्भाचा ग्रामीण भाग अशा प्रवासाला किती योग्य आहे हे लक्षात येते. त्यामागचे विज्ञान तर इथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातलेच आहे. कापूस जिनिंगला नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आणि मोटारीमागचा कॅम्पर एकाच नियमांनी चालतात. ट्रॅक्टर सावकाश चालतो आणि मोटार ताशी ८० किलोमीटरने धावते, त्यामुळे ट्रॉली भरताना खपून जाणारी चूक कॅम्परला मात्र महागात पडते.

ट्रेलरची मुख्य गोष्ट अशी, की तो एकाच बिंदूत जोडलेला असतो आणि त्या बिंदूभोवती त्याला फिरता येते. म्हणून त्याचे एकूण वजन किती आहे, यापेक्षा ते कुठे ठेवले आहे, याला अधिक महत्त्व असते. बैलगाडी भरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळला जातो. पुढे जास्त झाला तर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो. कॅम्परच्या पुढच्या दांड्याचे टोक मोटारीवर किती वजनाने दाबते, यावरून त्याचा समतोल कळतो. ऑस्ट्रेलियात हे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावे असे मानतात. युरोपात, जिथे ट्रेलर हलके आणि वेगमर्यादा कमी असते, तिथे ५ ते ७ टक्के पुरेसे समजतात.

एक हिशेब करून पाहू. भरलेला ट्रेलर १,२०० किलोचा आहे, त्याचा आस जोडापासून ३ मीटरवर आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने दांड्यावर १२० किलो वजन येते, म्हणजे बरोबर दहा टक्के. आता पाण्याची ८० लिटरची टाकी आसाच्या अर्धा मीटर पुढे होती, ती सोयीसाठी आसाच्या एक मीटर मागे नेली, तर दांड्यावरचे वजन एकदम ४० किलोने घटते आणि ८० किलोच उरते. ट्रेलरचे एकूण वजन जराही बदललेले नाही, बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसणार नाही, पण रस्त्यावरची त्याची वागणूक मात्र पार बदललेली असते. हे वजन मोजायला खास यंत्र लागत नाही. सोयाबीनचे पोते मोजायचा काटा सपाट जमिनीवर ठेवावा, त्यावर जोडाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करावा आणि दांड्याचे टोक त्यावर टेकवावे. आकडा समोर येतो. ठोकळ्याचे वजन मात्र त्यातून वजा करावे. माझ्या मते प्रवासाला निघण्यापूर्वी करायच्या कामांत हे सर्वांत आधीचे काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत.

दांड्यावरचे वजन बरोबर असूनही सामान चुकीचे लावलेले असू शकते. अवजड वस्तू ट्रेलरच्या दोन टोकांना ठेवल्या तर समतोल साधतो, पण जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे वस्तूला फिरवण्याला किंवा फिरती वस्तू थांबवण्याला होणारा विरोध, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पन्नास-पन्नास किलोच्या दोन पेट्या आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवण्याऐवजी दोन मीटरवर ठेवल्या, तर त्यांचा हा विरोध चौपट नव्हे, सोळापट होतो. असा ट्रेलर सहजासहजी हलत नाही हे खरे, पण एकदा डोलू लागला की थांबतही नाही.

हे डोलणेच ट्रेलरच्या अपघातांचे मोठे कारण असते. समोरून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा चाक खड्ड्यात आपटले, की ट्रेलर एका बाजूला थोडा वळतो. टायर त्याला परत सरळ आणतात, पण तो सरळ रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो. कमी वेगात प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि डोलणे विरून जाते. वेग वाढला की हे शमन कमी होत जाते, आणि एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, कारण गाडीच्या पुढे धावण्यातलीच ऊर्जा डोलण्यात उतरू लागते. दांड्यावरचे वजन कमी असेल तर हा घातक वेग खाली येतो. अशा वेळी चालक स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया नेहमी थोडी उशिराच पोहोचते आणि डोलणे वाढवते. मोटारीचा ब्रेक जोरात दाबला तर मागचा ट्रेलर तिला ढकलतो आणि दोन्ही गाड्या जोडाशी घडी घालतात. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढणे हाच योग्य उपाय आहे; ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील तर तेवढेच लावावेत, म्हणजे दांडा मागे ताणला जाऊन ट्रेलर सरळ होतो.

डांबरी रस्ता सुटून पांदण रस्ता लागला की वेगाचा प्रश्न मागे पडतो आणि मातीचा प्रश्न सुरू होतो. पश्चिम विदर्भातली काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे, आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट या वर्गातल्या चिकणमातीच्या खनिजांचे प्रमाण मोठे आहे. या खनिजाचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्या फटींमध्ये पाणी शिरते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या थरांचे पृष्ठफळ सात-आठशे चौरस मीटर भरते, यावरून ते किती पाणी धरून ठेवत असेल याची कल्पना येते. उन्हाळ्यात हीच जमीन आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरेनासे होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर मातीत सोडियमचेही प्रमाण जास्त आहे. त्यामुळे कण एकमेकांपासून विलग होतात, निचरा आणखी मंदावतो आणि थोड्याशा पावसानेही चिखल होतो.

या चिखलात चाकाची पकड कशावर ठरते, हा प्रश्न मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच अभियंता कुलोम याने १७७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मातीची सरकण्याला विरोध करण्याची ताकद दोन गोष्टींतून येते: कणांमधले घर्षण, जे वरून पडणाऱ्या दाबाबरोबर वाढते, आणि मातीचा स्वतःचा चिकटपणा, जो दाबावर अवलंबून नसतो. वैनगंगेच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत जवळजवळ सगळी ताकद घर्षणाची असते. पाण्याने पूर्ण भरलेल्या काळ्या मातीत मात्र वरचे वजन कणांवर न पडता अडकलेल्या पाण्यावर पडते, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि घर्षण जवळपास शून्य होते. उरतो तो चिकटपणा, आणि त्याचा लाभ टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकलेला आहे तेवढाच मिळतो. चाके फिरू लागली की मागच्या सीटवर चार माणसे बसवण्याची किंवा डिकीत दगड भरण्याची युक्ती वाळूत थोडी उपयोगी पडेल, पण ओल्या काळ्या मातीत ती गाडीला केवळ अधिक खोल रुतवते.

आकड्यांनी हे स्पष्ट होते. समजा मोटार २,००० किलोची आहे आणि तिची चारही चाके इंजिनाने फिरतात. टायरमधली हवा २४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे हवेच्या दाबाचे माप) असेल, तर प्रत्येक टायर ढोबळमानाने ३०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. मऊ चिखलाची ताकद २५ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाव किलोभार धरली (एक किलो वजन उचलून धरायला लागणारे बल म्हणजे एक किलोभार), तर चारही चाकांना मिळून जेमतेम ३०० किलोभार ओढ मिळते. दुसरीकडे, डांबरावर १,२०० किलोचा ट्रेलर ओढायला १८-२० किलोभार पुरतो, पण रुतणाऱ्या मातीत तो विरोध वजनाच्या एक-पंचमांशापर्यंत सहज जातो. म्हणजे ट्रेलरसाठी २४० आणि मोटारीसाठी ४००, एकूण ६४० किलोभार. गाडी अडकणारच. आता हवा १६ पीएसआयपर्यंत उतरवली तर टेकण्याचे क्षेत्र वाढून ओढ सुमारे ४५० किलोभार होते. एवढ्याने ट्रेलर निघणार नाही, पण तो सोडून दिला तर एकटी मोटार बाहेर पडू शकते. हे आकडे कच्चे आहेत, तरी निर्णय घ्यायला ते पुरेसे आहेत. हवा कमी केल्यावर वेग कमी ठेवणे आणि डांबर लागताच ती पुन्हा भरणे अत्यावश्यक आहे, नाहीतर टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि फुटतात.

ट्रॅक्टरची मागची चाके एवढी मोठी का असतात आणि भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये त्यांना लोखंडी पिंजऱ्याची चाके का जोडतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. चाक आणि माती यांच्या या संबंधांचा अभ्यास पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत शास्त्रशुद्ध पायावर उभा केला, आणि १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत चंद्रावर धावलेल्या गाडीच्या रचनेत तो उपयोगी पडला.

पांदणीवर चाकोरीचाही विचार करावा लागतो. माती बेताची ओली असेल तर पुढच्या चाकाने दाबलेल्या पट्ट्यावरून मागचे चाक कमी श्रमात जाते, म्हणून मोटार आणि ट्रेलर यांच्या चाकांमधले अंतर सारखे असणे फायद्याचे असते. ते वेगळे असेल तर ट्रेलर स्वतःची नवी वाट कापत येतो. बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तर आपल्या मापाच्या नसतातच; एक चाक ३० सेंटिमीटर खोल चाकोरीत आणि दुसरे वरच्या काठावर, अशी अवस्था होते. चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेला ट्रेलर तेवढ्याने ११ अंश कलतो. गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असेल तर तो ३७ अंशांपर्यंत उलटत नाही, पण छतावर तंबू, लाकडे आणि सिलिंडर लादून गुरुत्वमध्य दीड मीटरवर नेला तर ही मर्यादा २७ अंशांवर येते, आणि उरलेले अंतर एखादा गचका सहज भरून काढतो.

पावसाळ्यातल्या रपट्याबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रेलरचा तळ तीन चौरस मीटरचा आणि पेटी पाणी न शिरणारी असेल, तर तळाच्या वर ४० सेंटिमीटर पाणी चढताच १,२०० किलोचा ट्रेलर तरंगू लागतो. चाके टेकलेली दिसत असली तरी त्यांच्यावर वजन उरत नाही आणि प्रवाह त्याला मोटारीसह कडेला नेतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे, याला पर्याय नाही.

घाटात मात्र हिशेब उष्णतेचा असतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना उंची सुमारे ७०० मीटरने कमी होते. तेवढ्यात १,२०० किलोच्या ट्रेलरची ८२ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत २६ लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत पोहोचते. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ही बहुतेक उष्णता ब्रेकमध्ये जाते आणि ते निकामी होतात, म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ऑस्ट्रेलिया आणि युरोपमध्ये ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच मानलेले असून त्याची नोंदणी करावी लागते, हेही निघण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

एवढे करूनही ट्रेलर रुतलाच, तर आधी चाकांखाली ठोकळे लावून तो सोडावा, हवा उतरवून मोटार एकटी कठीण जमिनीवर काढावी आणि मग दोराने ट्रेलर ओढावा. त्या कठीण जमिनीवर मोटारीची पकड शाबूत असते, त्यामुळे चिखलात अशक्य असलेले २४० किलोभार तिथून सहज मिळतात. चाकांसमोरची माती फावड्याने उतरती केली तर त्याहूनही कमी पुरतात. दोर कधीही टो-बॉलला, म्हणजे मोटारीमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर जोडतात त्याला, बांधू नये, तो चॅसिसला पक्क्या जोडलेल्या कडीलाच अडकवावा. टो-बॉल सावकाश आणि सलग ओढीसाठी केलेला असतो. ताशी १० किलोमीटर वेगाने झटका देणारी २,००० किलोची मोटार ताणल्या जाणाऱ्या दोरात साडेसात हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा साठवते, आणि बॉल तुटला तर त्यातला मोठा वाटा त्या लोखंडी गोळ्याला मिळून तो गोळीसारखा सुटतो. दोर ताणण्यापूर्वी त्याच्या मध्यावर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून लांब, बाजूला उभे करावे.