आत्मपरीक्षण आणि आत्मनिंदा: एकाच आवाजात बोलणाऱ्या दोन गोष्टी

समजा, एका बैठकीत कोणी केलेल्या सादरीकरणात एक आकडा चुकला आणि ती चूक सर्वांदेखत दाखवून दिली गेली. त्या रात्री त्या व्यक्तीच्या मनात दोन प्रकारची वाक्ये उमटू शकतात. ‘आकडे मूळ तक्त्याशी ताडून पाहायचे राहिले, पुढच्या वेळी ते आदल्या दिवशीच करायला हवे’ हे एक, आणि ‘मी हा असाच, माझी चार लोकांसमोर उभे राहण्याची लायकीच नाही’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये एकाच चुकीतून निघालेली आहेत, दोन्हींचा आवाज स्वतःचाच आहे आणि दोन्ही ऐकताना मनाला लागते. पहिले आत्मपरीक्षण आहे, तर दुसरी आत्मनिंदा. कागदावर त्यांतला फरक उघड दिसतो. मनात मात्र ती अशी सुटी सुटी येत नाहीत. पहिले वाक्य पुरे होण्याआधीच दुसरे त्यात मिसळते, आणि मग आपण स्वतःशी प्रामाणिक वागत आहोत अशा समजुतीने माणूस तासन्‌तास स्वतःला दूषणे देत राहतो. ज्यांना लिहायचे, गायचे, शिकवायचे किंवा नुसते आपले मत मांडायचे असते, त्यांचा आवाज दबण्यामागे ही गल्लत फार मोठे कारण असते, असे मला वाटते.

या दोहोंतला पहिला भेद त्यांच्या विषयाचा आहे. आत्मपरीक्षण कृतीविषयी बोलते, आत्मनिंदा व्यक्तीविषयी. मानसशास्त्रात हा भेद अपराधभाव आणि लाज यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला. हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्ये असे मांडले की अपराधभावात ‘मी हे केले’ यातल्या ‘हे’वर भर असतो, तर लाजेत तोच भर ‘मी’वर येतो. पुढे जून टॅन्गनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात असे दिसत गेले की कृतीविषयीचा अपराधभाव माणसाला चूक कबूल करण्याकडे आणि भरपाई करण्याकडे नेतो, तर लाज त्याला तोंड लपवण्याकडे किंवा उलट दुसऱ्यावर चिडण्याकडे ढकलते. यात विचित्र काही नाही. तपासायचा राहिलेला आकडा उद्या तपासता येतो. ‘मी असाच आहे’ या निकालावर उद्या काहीच करता येत नाही. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास उभारलेल्या आणि मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित झालेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हाच गाभा आहे: वर्तनाचे मूल्यमापन खुशाल करावे, हवे तितके कठोर करावे, पण त्यावरून संपूर्ण माणसाला गुण देऊ नयेत, कारण असंख्य कृतींनी, स्वभावछटांनी आणि बदलांनी बनलेल्या माणसाला एकच गुण देण्याचे कोणतेही माप अस्तित्वात नाही.

दुसरा भेद शेवटाचा आहे. आत्मपरीक्षणाला शेवट असतो. काय चुकले, का चुकले आणि आता काय करायचे, एवढे सापडले की मन त्या विषयातून बाहेर पडते. आत्मनिंदा फिरून फिरून त्याच जागी येते. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी 1999 मध्ये एका जुन्या कोड्याचा उलगडा केला, तो येथे फार उपयोगी आहे. स्वतःकडे अधिक लक्ष देणारी माणसे स्वतःला अधिक चांगली ओळखतात असे संशोधनात दिसत होते, आणि तीच माणसे अधिक दुःखी असतात असेही दिसत होते. त्यांनी दाखवले की ‘स्वतःकडे लक्ष देणे’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रवृत्ती मोजल्या जात होत्या: एक कुतूहलापोटी होणारे चिंतन, आणि दुसरा भीतीपोटी, गमावण्याच्या धास्तीपोटी होणारा विचारांचा रवंथ. चिंतनाचा संबंध नव्या अनुभवांना मोकळे असण्याशी होता, रवंथाचा चिंता आणि खिन्नतेशी. म्हणजे ‘मी स्वतःविषयी खूप विचार करतो’ या विधानावरून काहीच कळत नाही. तो विचार कुतूहलाने चालला आहे की भीतीने, हे पाहावे लागते.

तिसरा भेद पुराव्याचा आहे, आणि तो ओळखायला सर्वांत सोपा. आत्मपरीक्षण उलट प्रश्न सहन करते. ‘खरोखरच आकडे तपासले नव्हते का?’ असे विचारले तर त्याला उत्तर असते, आणि उत्तर चुकीचे निघाले तर ते आपले म्हणणे मागे घेते. आत्मनिंदेला ‘कशावरून?’ असे विचारले की ती तेच वाक्य अधिक जोरात म्हणते किंवा विषय बदलून दहा वर्षांपूर्वीची एखादी चूक पुढे करते. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्यांना’, ‘काहीच’ हे तिचे आवडते शब्द. 1960 च्या दशकात ॲरन बेक यांच्या लक्षात आले की त्यांचे रुग्ण मोठ्याने जे बोलत, त्याच्या शेजारून त्यांच्या मनात विचारांचा आणखी एक प्रवाह वाहत असे. ते विचार इतके आखूड आणि झटपट असत की ते सांगण्याजोगे आहेत असेही रुग्णांना वाटत नसे, आणि इतके ओळखीचे असत की त्यांच्या खरेपणाविषयी शंकाही येत नसे. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार म्हटले. आत्मनिंदेचे बळ तिच्या युक्तिवादात नसून या वेगात आणि सवयीत आहे. ती पटवून देत नाही. ती पटवून घेण्याची वेळच येऊ देत नाही.

इतका फरक असूनही माणसे आत्मनिंदेला का जपतात, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजवर जे काही मिळवले ते या कठोर आवाजामुळेच, अशी अनेकांची मनोमन खात्री असते. ‘स्वतःला झोडपले नसते तर मी आळशी झालो असतो’ हे वाक्य अत्यंत कर्तबगार माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते. येथे श्रेयाची अदलाबदल झालेली असते. आकडे तपासायला लावले ते परीक्षणाने. शिव्या त्याच वेळी चालू होत्या, म्हणून श्रेय त्यांनी घेतले. जे काम शिव्यांच्या धाकाने सुरूच झाले नाही, जो लेख मनातच खोडला गेला, जो प्रश्न वर्गात विचारलाच गेला नाही, त्यांची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे आत्मनिंदेच्या हिशेबात फक्त जमेची बाजू दिसते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अवघड शब्दसंग्रह चाचणीत अपयश आलेल्या काही सहभागींना त्या अपयशाकडे समजुतीने पाहण्यास सांगितले गेले. दुसऱ्या चाचणीआधी त्यांनी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. स्वतःशी समजुतीने वागणे म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे नव्हे, हे यातून दिसते. चुकीकडे पाहताना शिक्षेची भीती नसेल, तर तिच्याकडे नीट पाहता येते.

शिवाय हा आवाज ‘माझा’ वाटतो तो किती माझा आहे, हेही तपासण्याजोगे आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की (1896–1934) यांनी लहान मुलांच्या बोलण्याचे निरीक्षण करून असे मांडले की मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना किंवा काही जुळवताना स्वतःशीच मोठ्याने बोलते, आणि हळूहळू ते बोलणे आत जाऊन मनातले बोलणे बनते. मनातले बोलणे मुळात माणसामाणसांतल्या संवादातून येते हे मान्य केले, तर त्या संवादातले स्वरही आत आले असणार, असे मानणे वावगे नाही. आपल्या आत्मनिंदेची नेमकी वाक्ये लिहून काढली की त्यांतली काही कोणाच्या तरी जुन्या वाक्यांशी शब्दशः जुळतात, असा अनुभव अनेकांना येतो. याचा अर्थ बालपणातल्या माणसांवर ठपका ठेवावा असा मुळीच नाही. त्या माणसांनी ते वाक्य कदाचित एकदाच, थकलेल्या संध्याकाळी उच्चारले असेल. हजारो वेळा त्याची उजळणी आपण केली. उपयोगाचा मुद्दा एवढाच की आवाज आतून आला म्हणजे तो आपला निष्कर्ष आहे असे ठरत नाही.

हा आवाज आवरण्याचे दोन मार्ग चटकन सुचतात आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला, तो विचार मनात येऊच द्यायचा नाही. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये सहभागींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा तो विचार येतच राहिला, आणि बंदी उठवल्यावर तर तो अधिकच वेळा आला. दुसरा मार्ग म्हणजे निंदेच्या जागी स्तुती बसवायची. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की मुळात स्वतःविषयी कमी आदर असलेल्या व्यक्तींनी ‘मी प्रेमास पात्र आहे’ अशा अर्थाचे वाक्य घोकले, तर त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. कारण उघड आहे: जे पटत नाही ते म्हणायला लावले की मन त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागते. मला तर यात आणखी एक अडचण दिसते. ‘मी महान आहे’ हेही ‘मी कुचकामी आहे’ याच जातीचे वाक्य आहे. तेही कृती सोडून संपूर्ण माणसावर निकाल देते. परीक्षणाची जागा दोन्ही घेऊ शकत नाहीत.

ज्या मार्गाने काही साधते, तो अंतर राखण्याचा आहे. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये सहभागींना अत्यंत थोड्या वेळात भाषणाची तयारी करायला सांगितली. काहींनी स्वतःशी बोलताना ‘मी’ वापरायचा होता, तर काहींनी स्वतःचे नाव घेऊन, जणू दुसऱ्या कोणाशी बोलावे तसे बोलायचे होते. नाव घेऊन बोलणाऱ्यांची भाषणे सरस ठरली आणि नंतर त्यांना त्या प्रसंगाचा सलही कमी लागला. हे करायला अगदी सोपे आहे, आणि त्यात एक उपयुक्त चाचणी आपोआप होते: जे वाक्य जिवलग मित्राला त्याच्या चुकीनंतर ऐकवण्याची जीभ होणार नाही, ते परीक्षण नव्हे, हे लगेच कळते. लिहून काढण्याचाही असाच उपयोग होतो. मनात विजेसारखे चमकून जाणारे वाक्य कागदावर पूर्ण लिहावे लागले की त्याचा वेग जातो. मग त्याला ‘नेमके कोणत्या कृतीविषयी?’, ‘कशावरून?’ आणि ‘यावर उद्या काय करता येईल?’ एवढेच विचारावे. काही वाक्ये या प्रश्नांतून तावून सुलाखून निघतात. ती मानावीत, मग ती कितीही टोचोत. उरलेली वाक्ये पुन्हा येतीलच. त्यांना हुसकावण्यापेक्षा ‘हे ते नेहमीचे वाक्य आले’ अशी ओळख पटवून हातातले काम पुढे नेणे अधिक फलदायी ठरते.

एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. आपण कुचकामी असल्याची भावना आणि अवाजवी अपराधीपणा ही नैराश्य या आजाराची मान्यताप्राप्त लक्षणे आहेत. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज टिकून असेल, झोप, भूक आणि कामावर परिणाम होत असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर वरचे उपाय एकट्याने करत बसू नये; मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जावे, आणि जगू नये असे वाटत असेल तर आजच जावे. त्या अवस्थेत आत्मनिंदा हा आजाराचा आवाज असतो, आणि आजारावर उपचार असतात.

आता आपल्या खऱ्या आवाजाविषयी. निंदा पूर्ण थांबली की आतून एक शुद्ध, निर्भय आवाज उमटेल, अशी अपेक्षा ठेवून पुष्कळजण वाट पाहत राहतात, आणि तो दिवस येत नाही. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1960 मध्ये खरे स्वत्व आणि आभासी स्वत्व यांविषयी लिहिताना असे मांडले की भोवतालच्या अपेक्षांशी जुळवून घेणारे आभासी स्वत्व हे संरक्षणासाठी उभे राहते. आत्मनिंदेकडेही असे पाहता येते: कोणी हसण्याआधी आपणच आपल्याला अडवले की हसे होण्याची वेळ येत नाही. म्हणूनच ती सर्वांत मोठ्याने बोलते ती पहिले वाक्य लिहिण्याआधी, पहिला सूर लावण्याआधी, हात वर करण्याआधी. परीक्षणाचे तसे नाही. परीक्षणाला समोर काहीतरी असावे लागते: लिहिलेले पान, गायलेली ओळ, मांडलेले मत. जे अजून झालेलेच नाही त्याविषयी आत्मपरीक्षण काही बोलू शकत नाही, त्यामुळे काम सुरू होण्याआधी ‘हे नको’ म्हणणारा आवाज बहुतेक वेळा निंदेचाच असतो, असे धरून चालायला हरकत नाही. त्यामुळे लिहिण्याची वेळ आणि तपासण्याची वेळ वेगळी ठेवावी. पहिल्या खर्ड्यात खोडाखोड करू नये. आणि दुसऱ्या दिवशी तोच खर्डा हातात घेऊन, कोणते वाक्य दुसऱ्याचे मन राखण्यासाठी लिहिले गेले आणि कोणते आपल्याला खरोखर म्हणायचे होते, याची निर्दयपणे, पण वाक्यावाक्याने, छाननी करावी.