‘ऑटो बंद’पासून स्नॅप टॅपपर्यंत : नाशिकच्या लॅन स्पर्धांतील एका कलमाची पार्श्वभूमी

कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि नाशिकरोड परिसरातील गेमिंग कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक या बंदुकींच्या संगणकीय खेळाच्या ज्या छोट्या लॅन (एकाच जागी जोडलेल्या संगणकांवरच्या) स्पर्धा भरतात, त्यांच्या नियमपत्रकातील एका कलमावरून सध्या मतभेद आहेत. खेळाडूने स्वतःचा कीबोर्ड आणला असेल तर त्यातील ‘स्नॅप टॅप’ची सोय बंद ठेवायला सांगायचे की नाही, आणि सांगायचेच असेल तर ती खरोखर बंद आहे हे कोणी तपासायचे, असा तो प्रश्न आहे. बाजू घेणारे दोन्हीकडचे लोक हा प्रश्न नव्यानेच उभा राहिल्यासारखे बोलतात. प्रत्यक्षात कीबोर्ड तेवढा नवा आहे.

काउंटर-स्ट्राइकमध्ये धावता धावता झाडलेली गोळी नेम सोडून जाते, म्हणून गोळी झाडण्याआधी क्षणभर थांबावे लागते. डावीकडे सरकताना ‘ए’ ही कळ दाबलेली असते. नुसते बोट उचलले तर पात्र किंचित घसरत जाऊन थांबते, पण ‘ए’ सोडून त्याच क्षणी ‘डी’ला स्पर्श केला तर ते जागच्या जागी थबकते. ही वेळ साधणे हे बोटांचे कसब आहे, कारण साध्या कीबोर्डवर ‘ए’वरचे बोट उठण्याआधीच ‘डी’ दाबले गेले तर दोन्ही कळा एकमेकींना रद्द करतात, आणि मध्ये अंतर पडले तर घसरण चालूच राहते. स्नॅप टॅपमध्ये शेवटी दाबलेली कळच ग्राह्य धरली जाते, त्यामुळे ‘ए’वरचे बोट तसेच ठेवून ‘डी’ दाबले तरी काम भागते. ही सोय २०२४ च्या जुलैत बाजारात आली. त्यापूर्वी स्क्रिप्ट, म्हणजे छोटी आज्ञावली, लिहून हाच परिणाम साधणारे लोक होतेच. १९ ऑगस्ट २०२४ रोजी खेळाच्या मालक कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशी स्क्रिप्ट आणि असे हार्डवेअर या दोन्हींना मनाई केली आणि संशयित खेळाडूला सामन्यातून बाहेर काढण्याची व्यवस्था केली. कॅफेमधल्या एखाद्या टेबलावर कोणत्या कीबोर्डमध्ये काय चालू आहे, याची जबाबदारी मात्र आयोजकावरच राहिली.

खेळात एखादी गोष्ट डोईजड झाली की ती वगळण्याची रीत काउंटर-स्ट्राइकपेक्षा जुनी आहे. १९९४ मध्ये आलेल्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ या मारामारीच्या खेळातील अकुमा हे छुपे पात्र इतके वरचढ होते की पाश्चात्त्य स्पर्धांनी त्यावर थेट बंदी घातली, तर जपानमध्ये ते न निवडण्याचा संकेत पाळला गेला. पुढे डोटासारख्या खेळांनी बंदी हा डावाचाच भाग केला आणि सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ समोरच्याची आवडती पात्रे बाद करू लागले. नाशिकच्या वादाशी या दोन्हींचा संबंध दूरचा आहे. इथली परंपरा घडली ती काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळात.

ही आवृत्ती २००३ मध्ये आली. त्यानंतरच्या काही वर्षांत शहरातील सायबर कॅफे दिवसा रेल्वेचे आरक्षण आणि परीक्षेचे निकाल पाहण्यासाठी, तर संध्याकाळी तासाच्या हिशेबाने लॅन खेळण्यासाठी चालत असत, आणि लोडशेडिंगची वेळ पाहूनच सामना ठरत असे. नियम लिहिलेले नसत. नवीन मुलगा खुर्चीवर बसला की शेजारचा त्याला दोन शब्द सांगे, ‘ऑटो बंद’. ऑटो म्हणजे दुर्बीण लावून एकामागून एक गोळ्या झाडणारी स्वयंचलित स्नायपर. ती कोणी घेतलीच, तर आवाजावरून अख्ख्या खोलीला कळे आणि बहुधा तो राउंड बाद धरला जाई. शील्डचेही, म्हणजे ढालीचेही, तसेच होते. ती फक्त काउंटर-टेररिस्ट बाजूला मिळे आणि ती पेलणाऱ्याला पिस्तूल, सुरी आणि ग्रेनेड एवढेच वापरता येई, तरीही अरुंद दारात शील्डवाला उभा राहिला की डाव तुंबून जाई. बाहेरच्या मोठ्या स्पर्धांनीही शील्डवर बंदी घातली होती, त्यामुळे इथला नियम काही मागासलेल्या गावातली लहर नव्हती. गंमत अशी की एका गोळीत जीव घेणाऱ्या एडब्ल्यूपीवर बंदी आणण्याचे प्रयत्न अधूनमधून होत, पण टिकत नसत. ती बंदूक ज्याला त्याला स्वतःसाठी हवी असे, हे त्यामागचे खरे कारण असावे.

त्या काळच्या बंद्यांवर टीका करता येते. अनेकदा त्या खेळाच्या समतोलापेक्षा तासाचे पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकाचा हिरमोड होऊ नये म्हणून असत, आणि कॅफेतल्या जुन्या मंडळींना नको असलेली गोष्ट आपोआप ‘अन्यायकारक’ ठरे. पण त्यांत एक गुण होता, जो पुढच्या अनेक छापील नियमांत दिसत नाही. काय बंद आहे हे सामन्याआधी सर्वांना ठाऊक असे आणि ते मोडले गेल्यास पंचाशिवायही समजत असे.

हा गुण नसला की काय होते, याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वीडनमधील योन्शोपिंग येथील स्पर्धेत घडले. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या नंतरच्या आवृत्तीच्या उपांत्यपूर्व फेरीत एक बलाढ्य स्वीडिश संघ आणि एक फ्रेंच संघ समोरासमोर होते आणि निर्णायक तिसरा नकाशा, म्हणजे खेळातले मैदान, ओव्हरपास होता. पूर्वार्धात फ्रेंच संघ १२-३ असा पुढे होता. उत्तरार्धात स्वीडिश संघाच्या तिघांनी एकावर एक उभे राहून असा मनोरा रचला की सर्वांत वरच्या खेळाडूला नकाशाचा मोठा भाग दिसू लागला, आणि प्रतिस्पर्ध्यांना पुढे सरकणेच अशक्य झाले. सामना १६-१३ असा स्वीडिश संघाने जिंकला.

एकमेकांच्या डोक्यावर चढणे, म्हणजे ‘बूस्ट’, नियमात बसणारेच होते. नियमांनी मनाई केली होती ती ‘पिक्सेल वॉकिंग’ला, म्हणजे जिथे डोळ्यांना काहीच आधार दिसत नाही अशा अदृश्य कडेवर उभे राहण्याला. तक्रार झाल्यावर हा बूस्ट त्या मनाईखाली येतो असे ठरले. मग दुसऱ्या बाजूने तक्रार आली की फ्रेंच संघानेही त्याच सामन्यात तसाच आधार घेतला होता, आणि तीही तपासात खरी निघाली. संपूर्ण नकाशा पुन्हा खेळवावा असा निर्णय झाला. स्वीडिश संघाने न खेळताच माघार घेतली आणि फ्रेंच संघ पुढे विजेता ठरला. नकाशातली ती जागा नंतर दुरुस्त करण्यात आली.

या निर्णयाचा बचाव करणारे म्हणतात की नियम आधीपासून लिहिलेला होता आणि तो दोघांनाही सारखाच लावला गेला. कागदावर हे खरे आहे. परंतु पायाखाली भिंतीची कड आहे की अदृश्य पिक्सेल, हे वर उभ्या असलेल्या खेळाडूलाही सांगता आले नसते, आणि पंचांनाही ते सामना संपल्यावर तपासूनच कळले. जी गोष्ट घडत असताना थांबवता येत नाही तिच्यासाठी जिंकलेला सामना काढून घ्यावा का, यावर त्या काळी नाशिकच्या कॅफेंतही तावातावाने भांडणे झाली. याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, सिएटल येथील डोटा २ च्या सर्वोच्च स्पर्धेत नेमके उलटे घडले होते. एका युक्रेनियन संघाने आपल्या खेळाडूला हूक फेकताच तळावर परत पाठवून, हुकात अडकलेल्या प्रतिस्पर्ध्याला थेट आपल्या कारंज्यात (तळावरील, शत्रूवर मारा करणाऱ्या जागेत) खेचून मारण्याची युक्ती वापरली, प्रेक्षकांत फूट पडली, पण निकाल कायम राहिला आणि युक्ती पुढच्या एका आवृत्तीत काढून टाकण्यात आली. दोन्हींपैकी हीच वाट अधिक शहाणपणाची वाटते.

त्यानंतर बंदीचा अधिकार आयोजकांकडून बराचसा कंपन्यांकडे सरकला. डिसेंबर २०१५ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये आलेले आर८ रिव्हॉल्व्हर अतिप्रबळ ठरले आणि काही दिवसांतच त्याची ताकद घटवण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइटमध्ये स्पर्धेच्या तोंडावर आणलेली इन्फिनिटी ब्लेड ही तलवार अशीच काही दिवसांत मागे घेतली गेली. आयोजकांना यात सोय होती, सवय मात्र मोडली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, तोवर शहरातील बहुसंख्य खेळाडू मोबाईलवर गेले होते, आणि तिथे वाद पुन्हा उपकरणाचाच होता. ४:३ पडदा असलेल्या टॅब्लेटवर मैदानाचा वरखालचा भाग जास्त दिसतो, म्हणून ‘आयपॅड व्ह्यू’ चालणार नाही असे आयोजकांना लिहावे लागले. पण टॅब्लेट हातात दिसतो. तो टेबलावर ठेवला की वाद संपतो.

स्नॅप टॅपचे तसे नाही. ती सोय अनेकदा सॉफ्टवेअरमधून किंवा कीबोर्डवरच्या दोन कळा एकत्र दाबून चालू-बंद होते आणि सामन्याच्या मध्यावर ती बदलली तर मागे उभ्या असलेल्या माणसालाही कळणे कठीण. म्हणून काही कॅफेंनी घरचा कीबोर्ड आणायलाच मनाई करून सर्वांना एकसारखे साधे कीबोर्ड देण्याचा मार्ग धरला आहे. त्यावर खेळाडूंचा आक्षेप असा की वर्षभर एका कीबोर्डवर सराव करायचा आणि स्पर्धेच्या दिवशी कॅफेतल्या झिजलेल्या कळांवर खेळायचे, हाही एक प्रकारचा अन्यायच. आक्षेप चुकीचा नाही, आणि दहा खेळाडूंसाठी दहा चांगले कीबोर्ड घेणे छोट्या कॅफेच्या आवाक्यातले नाही. ऑनलाइन पात्रता फेरीत तर ज्याचा त्याचा कीबोर्ड ज्याच्या त्याच्या घरी असतो, त्यामुळे तिथे हे कलम लागू आहे असे लिहिणारी पत्रके सध्या फक्त खेळाडूंच्या शब्दावर चालतात.