कूलिंग सिस्टिममधील एअर काढणे

लिक्विड-कूल्ड मोटारसायकलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदलल्यावर इंजिन, होसपाइप आणि रेडिएटरमध्ये अडकलेली हवा बाहेर काढण्याचे काम. यामाहा आर-१५ (२००८), केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस (दोन्ही २०१२) यांच्यामुळे अशी इंजिने रोजच्या वापरात आली आणि हे काम नाशिकच्या गॅरेजांतही नेहमीचे झाले.

रेडिएटर काठोकाठ भरला म्हणजे इंजिनही भरले, असे होत नाही. हवा वर चढते आणि नेमकी सिलिंडर हेडपाशी, सर्वांत तापणाऱ्या जागी साचते. वॉटर पंपात हवा शिरली की त्याला कूलंट ढकलता येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर हवेच्या पोकळीत आला, तर काटा तापमान कमी दाखवतो आणि फॅन वेळेवर सुरू होत नाही. शहरातल्या गंगापूर रोडवर फिरताना हे कळतही नाही. कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाची चढण लागली, वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त झाला, की गाडी उकळते. हेड गॅसकेट (सिलिंडर आणि हेड यांच्यामधले सील) जाण्याची वेळ येते ती अशीच.

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. झाकणाचा दाब साधारण १.१ बार असतो. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते. गाडी सरळ उभी करून कूलंट बारीक धारेने ओतावे. काही गाड्यांत पंपावर किंवा हेडवर हवा सोडण्याचा ब्लीड बोल्ट असतो. तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत व अखंड धार येईपर्यंत थांबावे, मग वॉशर नवा टाकून आवळावा. आता झाकण उघडे ठेवून इंजिन आयडलवर (रेस न देता) चालवायचे. खरी घाई इथेच होते. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत कूलंट रेडिएटरमधून नीट फिरतच नाही, त्यामुळे दोन मिनिटांत इंजिन बंद केले तर हवा आत तशीच राहते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, बुडबुडे येतात. हलकी रेस द्यावी, होस दाबावे, इंजिन बंद करून गाडी डावी-उजवीकडे कलती करावी, कमी पडेल तितके भरावे. झाकण लावून कूलंटची रिझर्व्ह टाकी तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये भरावी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहणे आवश्यक आहे, कारण इंजिन निवताना टाकीतून कूलंट आत ओढले जाते. टाकी रिकामी किंवा तिची नळी चिरलेली असेल, तर हवाच ओढली जाते.

बोअरचे क्षारयुक्त पाणी मिसळू नये, त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. एअर काढूनही बुडबुडे येतच राहिले, तर गॅसकेटमधून जळलेला वायू शिरत असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसते पुन्हा कूलंट भरून उपयोग नाही. काढलेले कूलंट गटारात सोडू नये. त्यातले इथिलिन ग्लायकॉल गोडसर चवीचे पण विषारी असते आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात.