दुसरा पीडित

रुग्णाच्या उपचारांत चूक होऊन त्याला इजा झाली, किंवा होता होता टळली, तर त्या प्रसंगात ज्याचा हात होता त्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनावरही खोल आघात होतो. अशा कर्मचाऱ्याला ‘दुसरा पीडित’ म्हणतात. पहिले पीडित रुग्ण आणि त्याचे नातेवाईक. अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखात ही संज्ञा मांडली. त्यांचा रोख मुख्यतः डॉक्टरांकडे होता. परिचारिकांची स्थिती मात्र अधिक अवघड असते.

औषध डॉक्टर लिहून देतात, औषधनिर्माता ते पुरवतो, पण रुग्णाच्या शिरेत ते नर्सच्या हातून जाते. आधीच्या टप्प्यांवरच्या कितीतरी चुका तिच्याच नजरेला पडतात आणि तिथेच थांबतात. तिच्याही नजरेतून एखादी निसटली, तर पुढे अडवणारे कुणी नसते. एकसारखी दिसणारी वेष्टने, अपुरे मनुष्यबळ, ड्यूटी बदलताना घाईत दिलेली माहिती अशी कारणे साखळीत आधीपासून असतात. दोष मात्र शेवटच्या हाताला चिकटतो, आणि ती स्वतःही तो स्वतःलाच लावते.

घटना घडली तरी ड्यूटी संपत नाही. त्याच थरथरत्या हातांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला इंजेक्शन द्यावे लागते. पुढे झोप उडते, तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, साधा डोसही चारचारदा तपासला जातो. गोपनीयतेमुळे घरी सविस्तर बोलता येत नाही आणि वॉर्डात सहकारी काय म्हणतील याची धास्ती असते. अपराधीपणापेक्षा ही लाजच माणसाला जास्त एकटे पाडते.

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठातील सुसान स्कॉट या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या प्रवासाचे सहा टप्पे नोंदवले. सुरुवातीच्या गोंधळापासून सतत छळणारे विचार, गमावलेला विश्वास परत मिळवण्याची धडपड, चौकशीला तोंड देणे आणि भावनिक आधार शोधणे इथपर्यंत ते जातात. शेवटच्या टप्प्यावर तीन वाटा फुटतात: काम सोडणे, कसेबसे तगून राहणे, किंवा त्या अनुभवातून शिकून उभे राहणे.

कुठली वाट मिळेल हे पहिल्या काही तासांतल्या वागणुकीवर बरेच अवलंबून असते. तिला उरलेल्या ड्यूटीतून मोकळे करणे, जवळ बसून ऐकून घेणे आणि ‘असं कसं केलंस?’ हा प्रश्न त्या क्षणी न विचारणे, एवढ्यानेही फार फरक पडतो. मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयात, आणि २०११ पासून अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, प्रशिक्षित सहकाऱ्यांची पथके हेच काम करतात.

शिक्षेची भीती याच्या उलट दिशेने काम करते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका नर्सने शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले आणि रुग्ण दगावला. तिने चूक लगेच कबूल केली होती. २०२२ मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवून तीन वर्षांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) ठेवण्यात आले. आता चुका कळवायला कोण धजेल, असा सवाल तेव्हा अनेक परिचारिकांनी केला.

खुद्द या संज्ञेलाही विरोध आहे. चुकीच्या उपचारांची झळ बसलेल्या कुटुंबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधूनच ती टाकून देण्याची मागणी केली. ‘पीडित’ म्हटले की जबाबदारी पुसली जाते, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण अनेक परिचारिकांना जबाबदारी टाळायची नसते. त्यांना त्या कुटुंबासमोर जाऊन माफी मागायची असते, आणि खटल्याच्या भीतीने त्यांना नेमके तेच करू दिले जात नाही.