उंदरावरचा ‘नैराश्यविरोधी परिणाम’ आणि माणसावरचा उपचार

वनस्पतीतल्या अमुक घटकाने नैराश्य बरं होतं, अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधते: कोणाचं नैराश्य? उत्तर बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या परिच्छेदात सापडतं, आणि ते असतं ‘उंदरांचं’. मथळ्यात उंदीर नसतो. हळदीतलं करक्युमिन, क्वेर्सेटिन, रेस्वेराट्रॉल, अशी वनस्पतिज घटकांची नावं बदलतात, घोटाळा तोच. प्रयोगात दिसलेला ‘नैराश्यविरोधी परिणाम’ आणि नैराश्यावरचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपचार म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. नैराश्यावरच्या सर्ट्रालीनसारख्या गोळ्या बहुतेकांना ऐकून माहीत आहेत. रोज घ्यायच्या, गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत.

खरी गल्लत पहिल्या गोष्टीत, म्हणजे प्रयोगातल्या ‘परिणामा’त होते. तिचा उगम बहुतेकदा एका चाचणीत असतो. रॉजर पोरसोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली ती मांडली. काचेच्या उंच नळकांड्यात पाणी भरतात आणि उंदराला त्यात सोडतात. पाय टेकत नाहीत, बाहेर पडायला वाट नाही. तो आधी जोरात पोहतो, भिंतीवर चढायला बघतो, मग नाक पाण्याबाहेर ठेवण्यापुरती हालचाल करत नुसता तरंगतो. चाचणी ६ मिनिटांची, आणि त्यातल्या शेवटच्या ४ मिनिटांत तो किती सेकंद निश्चल राहिला ते मोजतात. इमिप्रामीनसारखं नैराश्यावरचं जुनं औषध दिलेले उंदीर कमी वेळ निश्चल राहतात. मग एखादा वनस्पतिज घटक दिल्यावरही तसंच झालं, की शोधनिबंधात लिहितात ‘नैराश्यविरोधी परिणाम आढळला’. शेपटीने उलटं टांगून केलेल्या चाचणीतही हाच हिशेब असतो.

आता यात काय काय नाही ते बघा. उंदीर बहुधा तरुण आणि ठणठणीत असतो. काही प्रयोगांत त्याला आधी आठवडे-आठवडे ताण देतात, पण पुष्कळ प्रयोगांत तेही नसतं. अपराधी वाटणं, जगणं नकोसं होणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, यातलं काही सेकंदांत मोजता येत नाही. दुसरं म्हणजे वेळ. या चाचणीत औषधाच्या एकाच मात्रेने तासाभरात फरक दिसतो, आणि माणसाला तीच औषधं आठवडे-आठवडे घ्यावी लागतात. म्हणजे चाचणी मोजते ते आणि रुग्णात सुधारतं ते एकच आहे, असं धरून चालताच येत नाही. तिसरं, उंदराची हालचाल वाढवणारं काहीही इथे पास होऊ शकतं. उत्तेजक अँफेटामीन होतं, कॉफीतलं कॅफीनही होतं. म्हणून मोकळ्या पेटीत त्याची एरवीची हालचाल वेगळी मोजावी लागते, आणि बातमीत त्याचा उल्लेखही नसतो.

ही चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ती चाळणी आहे. शेकडो रसायनांतून पुढे कशाकडे बघायचं हे ठरवायला ती बनली. चाळणीत राहिलेल्याला औषध म्हणणं हे मात्र चूकच.

त्यात मात्रेचा प्रश्न. उंदरांना वनस्पतिज घटक पुष्कळदा थेट पोटाच्या पोकळीत टोचून देतात, आपण तो गिळणार. करक्युमिन गिळलं तर रक्तात जेमतेम सापडतं. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरीन दिल्यावर रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, पण मुळात ते जवळजवळ नव्हतंच. करक्युमिनच्या माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान आणि थोड्या आठवड्यांच्या. केशराचं पारडं मला थोडं जड वाटतं, कारण तिथे रोज ३० मिलिग्रॅमच्या मात्रेवर प्लासिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी) तुलना करणाऱ्या बऱ्याच चाचण्या आहेत. पण त्याही छोट्या, आणि बहुतेक इराणमधल्या.

पलीकडच्या काठाला, म्हणजे माणसावरच्या उपचारापर्यंत, खरोखर पोचलेली वनस्पती म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. तिचा अर्क प्लासिबोपेक्षा सरस आणि नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीचा ठरला, मात्र जर्मन भाषक देशांतले निकाल इतरांपेक्षा जास्त अनुकूल होते. उलट २००२ च्या ३४० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत पूर्ण गुण आलेले रुग्ण होते प्लासिबोवर ३१.९ टक्के, अर्कावर २३.९ आणि सर्ट्रालीनवर २४.८. प्लासिबोचा गट नसता, तर याच आकड्यांवरून ‘वनस्पती गोळीच्या तोडीची’ असा मथळा झाला असता. म्हणून प्लासिबो नसलेला अभ्यास मी बाजूला ठेवते.

नैसर्गिक विरुद्ध रासायनिक हा वाद मला वेळेचा अपव्यय वाटतो. सर्पगंधेतलं रेसरपीनही नैसर्गिकच. ते मेंदूतल्या सेरोटोनिनचा, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनाचा, साठा रिकामा करतं, आणि १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्याच्या नोंदी झाल्या.

आणि वनस्पती खरंच काम करत असेल, तर ती औषधासारखीच वागते. सेंट जॉन्स वर्टमधलं हायपरफोरिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतं. मग इतर औषधं रक्तातून लवकर नाहीशी होतात: गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन, एचआयव्हीवरचं इंडिनाविर. २००० साली झुरिकमध्ये हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत सायक्लोस्पोरिनची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची, पातळी अशीच घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. नैराश्याच्या गोळ्यांसोबत हा अर्क घेतला तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. तो बंद केल्यावरही यकृत पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे जातात. त्यामुळे डॉक्टरांनी ‘काही औषधं चालू आहेत का’ विचारलं की हेही सांगा, अगदी मागच्या आठवड्यात सोडलं असेल तरी. जमलं तर बाटलीच दाखवा, कारण हायपरफोरिनचं प्रमाण प्रत्येक उत्पादनात वेगळं असतं.